कोपरा कापलेला पासपोर्ट आणि चालू व्हिसा

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

“माझं वय ६७. २०१८ मध्ये मला आणि यजमानांना मुंबईहून अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला, मार्च २०२८ पर्यंतचा. एकदाच जाऊन आलो. मग करोना आला, आणि २०२३ मध्ये हे गेले. आता माझ्या पासपोर्टची मुदत संपली म्हणून पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन नवा काढला. जुना परत दिला, पण त्याचा कोपरा कापलाय आणि आत ‘कॅन्सल्ड’ असा शिक्का आहे. मुलगी न्यू जर्सीत असते, तिला दिवस गेलेत, बाळंतपणाआधी मला तिथं पोहोचायचंय. इथला एजंट म्हणतो, पासपोर्ट रद्द म्हणजे व्हिसाही रद्द. नवा काढा नाहीतर ‘ट्रान्सफर’ करून घ्या, तीस हजार द्या. पुतण्या म्हणतो, काकू, व्हिसाचं स्टिकर अलगद काढू आणि नव्यात चिकटवू. मला रात्र रात्र डोळा लागत नाही. एकटी जाणार, इंग्रजी बेताचं. विमानतळावरून परत पाठवलं तर? आणि यांचाही पासपोर्ट कपाटात तसाच आहे, त्याचं काय करू?”

सोबत दोन्ही पासपोर्टांच्या पानांचे फोटो आहेत.

ताई, तुमचा व्हिसा चालू आहे. नवा काढायची गरज नाही आणि एजंटाला एक रुपयाही द्यायचा नाही. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन तुम्ही थेट न्यू जर्सीला जाऊ शकता. ही कुणाची मेहेरबानी किंवा पळवाट नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचाच हा नियम आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो सरळ शब्दांत लिहिलेला आहे. व्हिसाची मुदत बाकी असेल, व्हिसा फाटलेला किंवा खराब झालेला नसेल, ज्या कामाला जायचंय त्याच प्रकारचा असेल आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे, एकाच प्रकारचे असतील, तर जुन्या पासपोर्टातला व्हिसा चालतो. तुमच्या बाबतीत या सगळ्या गोष्टी जुळतात.

तुमचा घोळ त्या शिक्क्याने केलाय. ‘कॅन्सल्ड’ वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तो शिक्का भारत सरकारचा आहे आणि त्यांनी रद्द केलीय ती त्यांची पुस्तिका. व्हिसा दिला अमेरिकेने, तो रद्द करायचा अधिकारही त्यांचाच. दुकानदाराची वही भरली आणि पाडव्याला त्याने नवी काढली, तर जुन्या वहीतली उधारी बुडत नाही. ती फिटेपर्यंत तो जुनी वहीही जपून ठेवतो. तुम्हीही मार्च २०२८ पर्यंत जुनी पुस्तिका तशीच जपायची.

आता तुमचे फोटो. मी ते मोठे करून नीट पाहिले. व्हिसाच्या स्टिकरवर डावीकडे तुमचा फोटो आहे, प्रकार ‘आर’, वर्ग ‘बी१/बी२’, म्हणजे कामानिमित्त किंवा फिरायला, नातेवाइकांना भेटायला जाण्याचा, एन्ट्रीच्या खाली ‘एम’, म्हणजे कितीही वेळा जाता येईल. उजवीकडे खालच्या अंगाला लाल आकडा आहे, तो व्हिसाचा क्रमांक. सगळ्यात खाली बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी आहेत, त्या यंत्र वाचतं. कापलेला कोपरा या स्टिकरला कुठेही लागलेला नाही आणि भारताचा शिक्काही त्यावर पडलेला नाही. फोटोत दिसलं तरी एकदा उजेडात बसून स्वतः बघा. चारही कडा शाबूत आहेत ना, त्या दोन ओळी पूर्ण वाचता येतात ना, एवढंच पाहायचंय. कधी कधी घाईत कात्री सगळ्या पानांतून आरपार जाते आणि स्टिकरचा तुकडाही उडतो. तसं झालं तर मात्र व्हिसा खराब झाला असं धरून दूतावासाकडे जावं लागतं. म्हणून ज्यांचं नूतनीकरण अजून व्हायचंय त्यांना माझं सांगणं आहे, जुना पासपोर्ट काउंटरवर देतानाच चालू व्हिसाचं पान उघडून दाखवा आणि “हे पान सांभाळा” असं तोंडाने सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात हे फार बरं केलंत. आई-वडिलांची नावं, पत्ता, आणि त्याखाली जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेलं आहे. व्हिसाच्या स्टिकरवरही तोच जुना क्रमांक आहे. दोन पुस्तिका एकाच बाईच्या आहेत, याचा पुरावा सरकारने स्वतः छापून दिलाय. काउंटरवर कुणी अडखळलं तर बोट ठेवून ही ओळ दाखवायची.

पुतण्याला मात्र आजच्या आज थांबवा. पोर मायेपोटी बोलतंय, पण त्याच्या हाताने तुमचा धडधाकट व्हिसा कायमचा जाईल. स्टिकर एका पासपोर्टमधून काढून दुसऱ्यात लावलं की तो व्हिसा बाद होतो. वर छेडछाड केलेलं कागदपत्र घेऊन परदेशाच्या दारात उभं राहिल्याचा डाग लागतो तो वेगळाच. सोलायचं नाही, पान फाडायचं नाही, लॅमिनेशन करायचं नाही. दोन पासपोर्ट एकत्र राहावेत म्हणून स्टेपलरही मारायचा नाही. दोन्ही एका कव्हरमध्ये ठेवा, नाहीतर साधा रबर लावा.

एजंटाच्या ‘ट्रान्सफर’बद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टमधून नव्यात हलवून द्यायची सोयच अस्तित्वात नाही. जी गोष्ट नाहीच तिचे तीस हजार मागायचे, आणि तेही एकट्या राहणाऱ्या बाईकडून! फार झालं तर तो तुमच्या नावाने नव्या व्हिसाचा अर्ज भरेल. त्याची सरकारी फी १८५ डॉलर, शिवाय मुलाखतीच्या तारखेसाठी ताटकळणं. पूर्वी ज्येष्ठांना मुलाखतीतून सहज सूट मिळायची, ती सप्टेंबर २०२५ पासून बरीच आवळली आहे. शिवाय नव्या अर्जावर निर्णय देताना जुना चालू व्हिसा दूतावास सहसा रद्द करतो. म्हणजे हातातलं सोडून पळत्यामागे लागायचं. तारीख मिळून व्हिसा येईपर्यंत नातवंड रांगायला लागलेलं असेल.

तुमची खरी धास्ती विमानतळाची आहे. तिथं काय होतं ते सांगतो, कारण ते मी माझ्या आईबरोबर पाहिलंय.

तिचंही असंच होतं. नवा पासपोर्ट, जुन्यात व्हिसा. मुंबईच्या सहार विमानतळावर रात्री दीडच्या सुमारास आम्ही काउंटरपाशी पोहोचलो. खुर्चीवरच्या मुलाने नवा पासपोर्ट यंत्रात घातला, मग जुना उघडला, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “आजी, हा तर कॅन्सल आहे. बाजूला थांबा.” आईने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तिने पदराच्या टोकाची गुंडाळी करायला सुरुवात केली होती. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, “दादा, व्हिसा चालू आहे, तुमच्या सुपरवायझरना टायमॅटिकमध्ये एकदा बघायला सांगा.” टायमॅटिक म्हणजे कुठल्या देशात जायला कोणती कागदपत्रं लागतात याची नोंद, विमान कंपन्या जगभर तीच वापरतात. सुपरवायझर बाई आल्या, पडद्यावर दोन ओळी वाचल्या, जुन्या पासपोर्टचं पान उलटून व्हिसाची तारीख पाहिली आणि त्या मुलाला हळू आवाजात म्हणाल्या, “दोन्ही लागतात, दोन्ही आहेत, सोड.” चार मिनिटांचं काम होतं. मुलगा नवीन होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण मी बरोबर नसतो तर आई बाजूला थांबलीच असती, आणि किती वेळ थांबली असती कोण जाणे.

म्हणून तुम्हाला तीन वाक्यं लिहून देतो, ती कागदावर मोठ्या अक्षरात काढून पर्समध्ये ठेवा: “माझा व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये आहे. तो चालू आहे. कृपया टायमॅटिकमध्ये पाहा.” मराठीत बोला, हिंदीत बोला, मुंबईत दोन्ही चालतं. मुलीला सांगून परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरचा तो नियम छापून घ्या आणि सोबत ठेवा. बहुतेक वेळा तो काढावाच लागत नाही, पण हातात असला की आवाज कापत नाही.

तिकीट काढताना नव्या पासपोर्टचा क्रमांक द्यायचा. विमान कंपनीच्या अर्जात व्हिसाचा क्रमांक विचारला तर तो लाल आकडा लिहायचा. नाव नव्या पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षराचाही फरक नको. ऑनलाइन चेक-इन कधी कधी अडतं, कारण व्हिसावरचा पासपोर्ट क्रमांक आणि तुम्ही भरलेला क्रमांक यंत्राला वेगळे दिसतात. घाबरायचं नाही, घरून थोडं लवकर निघायचं आणि काउंटरवर जायचं. दोन्ही पासपोर्ट खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, सामानात टाकायच्या बॅगेत चुकूनही नको. हे पुन्हा सांगतो, कारण ‘जुना काय लागणार’ म्हणून तो साड्यांच्या घडीत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथंही कागद पुन्हा बघतात. एकट्या जाताय, म्हणून युरोपमार्गे जाणारं तिकीट टाळा असं मी सुचवेन. तिथल्या काही विमानतळांवर भारतीयांना नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेचा चालू व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट असते, आणि तो व्हिसा जुन्या पुस्तिकेत असला की ही सूट मिळेल का, हे प्रत्येक वकिलातीला विचारत बसावं लागतं. ती कटकट हवीच कशाला? थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर आखाती मार्ग घ्या. अबू धाबीवरून गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच होते, हे मात्र ध्यानात असू द्या. तिथं रांग दिसली तर गोंधळू नका, ती तुमचीच रांग आहे.

अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर नवा पासपोर्ट द्या आणि जुना व्हिसाच्या पानावर उघडून त्याच्या खाली ठेवा. त्याच्यासाठी हे रोजचं आहे. २०१८ मध्ये व्हिसा घेताना तुमच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते, ते तो जुळवून बघतो. तेव्हाच्या फोटोत केस काळे आणि आता पांढरे, कपाळावर तेव्हा कुंकू होतं आणि आता नाही, याची काळजी तुम्ही पत्रात केली आहे. ताई, त्याने काही अडत नाही. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, असं विचारतील. जे आहे तेच सांगा: मुलीकडे आले आहे, तिचं बाळंतपण आहे, परतीचं तिकीट अमुक तारखेचं आहे. डिंकाचे लाडू, हळीव, जे काही नेणार असाल ते खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून अर्जात किंवा तोंडी सांगून टाका. लपवलं तर दंड होतो. सांगितलं तर फार तर काढून घेतील.

प्रवेशाचा शिक्का मारलाच तर तो नव्या पासपोर्टमध्ये मारतात आणि शेजारी ‘व्ही-आय-ओ-पी-पी’ अशी पाच अक्षरं लिहितात. व्हिसा दुसऱ्या पासपोर्टमध्ये आहे, एवढाच त्याचा अर्थ. हल्ली बऱ्याच विमानतळांवर शिक्का मारतच नाहीत, त्यामुळे तो दिसला नाही तरी चिंता नको. खरा महत्त्वाचा कागद म्हणजे आय-९४, तुमच्या येण्याची आणि राहायच्या मुदतीची नोंद. ती इंटरनेटवर निघते. दुसऱ्या दिवशी मुलीला ती काढायला सांगा. नव्या पासपोर्टच्या क्रमांकाने सापडली नाही तर जुना क्रमांक टाकून बघा, कारण कधी कधी नोंद व्हिसावरच्या क्रमांकाखाली जाते. सापडली की नाव आणि तारीख तपासा आणि छापून ठेवा.

याच निमित्ताने एक गैरसमज काढून टाकतो. व्हिसावरची मार्च २०२८ ही तारीख अमेरिकेच्या दारात पोहोचायची शेवटची तारीख आहे. आत किती दिवस राहायचं हे त्या दाराशी बसलेला अधिकारी ठरवतो, तुमच्यासारख्यांना साधारण सहा महिने मिळतात, आणि तेच आय-९४ वर लिहिलेलं असतं. व्हिसा २०२८ पर्यंत आहे म्हणून तोवर राहता येतं असं समजून काही जणांनी मुलांच्या घरी मुक्काम लांबवला आणि पुढचे दौरे कायमचे गमावले. दुसरीकडे, पासपोर्ट संपत आला असेल तर अधिकारी राहायची मुदत साधारणपणे पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. तेव्हा निघण्याआधी नवा पासपोर्ट काढलात ते योग्यच केलंत.

जुना पासपोर्ट हरवला तर? तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणारे पुष्कळ असतात. नुसता नवा पासपोर्ट दाखवून चालणार नाही. व्हिसा हरवला, म्हणजे पोलिसांत तक्रार, दूतावासाला कळवणं आणि नवा अर्ज. एकदा हरवल्याचं कळवलं की मग तो कपाटामागे सापडला तरी वापरता येत नाही. तिथं मुलीकडे असताना हरवला तर आय-९४ च्या मुदतीपर्यंतच्या राहण्याला धक्का लागत नाही, परत येतानाही नवा पासपोर्ट पुरतो, फक्त पुढच्या वेळेला व्हिसा नवा काढावा लागतो. व्हिसाच्या पानाचा फोटो मुलीच्या आणि पुतण्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. लग्नानंतर नाव बदलून नवा पासपोर्ट घेतलेल्या मुलींना अमेरिकेचं परराष्ट्र खातं नव्या नावाने नवा व्हिसा घ्यायची शिफारस करतं, कारण दोन पासपोर्टांवर दोन नावं असली की दर काउंटरवर समजावत बसावं लागतं. दरम्यान जावंच लागलं तर विवाह नोंदणीचा दाखला बरोबर हवाच. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्यांना भारतीय पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा वापरता येत नाही, कारण दोन्ही पुस्तिका एका देशाच्या राहत नाहीत. आणि अमेरिकेचा नियम तो सगळ्या देशांचा, असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा स्टिकरवर नसतोच, तो पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. नवा पासपोर्ट आला की निघण्याआधी तो क्रमांक त्यांच्या ‘इमिअकाउंट’ या ऑनलाइन खात्यात बदलावा लागतो. ब्रिटनच्या ई-व्हिसाचंही तसंच, तिथल्या खात्यात नवा पासपोर्ट नोंदवल्याशिवाय निघू नये.

आता ताई, शेवटचा प्रश्न, जो तुम्ही पत्रात अगदी खाली, लहान अक्षरात लिहिलाय.

यजमानांचा पासपोर्ट बरोबर न्यायचा नाही, त्याचं तिथं काही काम नाही. पण तो तुमच्या जुन्या पासपोर्टसारखाच निळा, त्याच वर्षीचा, आत तसाच व्हिसा, आणि तुमच्याच कपाटात, बहुधा एकाच पिशवीत असणार. निघायच्या गडबडीत, मन आधीच भरलेलं असताना, चुकीचा उचलला जाणं अगदी सहज शक्य आहे. बॅग भरायच्या आदल्या दिवशी दोन्ही उघडा, नाव वाचा, तुमचा वेगळा काढून नव्या पासपोर्टबरोबर कव्हरमध्ये घाला आणि मगच कपाट बंद करा. माणूस गेल्यावर त्याचा पासपोर्ट पासपोर्ट कार्यालयात देऊन रद्द करून घ्यायचा असतो, म्हणजे त्याचा कुणी गैरवापर करू शकत नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज करा आणि रद्द केलेली पुस्तिका आठवण म्हणून परत हवी आहे, असं त्यातच लिहा. पण हे काम घाईचं नाही. मुलीचं सगळं सुखरूप पार पडू द्या, परत या, मग पुतण्याला बरोबर घेऊन जा. त्यालाही काहीतरी काम हवंच आहे.